सलग एकदा

ऑक्टोबर लागला की इथे अमेरिकेत, पिस्कॅटवेत, माझं कशात लक्ष लागत नाही. सकाळपासून बाहेर पानं उडवायच्या मशिनांची घरघर सुरू होते. आपल्या गल्लीतलं एक थांबलं की पलीकडच्या गल्लीत दुसरं सुरू. पानं इकडून तिकडे जातात, वारा सुटला की तिकडून इकडे येतात, आणि हा उद्योग महिनाभर अतिशय गंभीर चेहऱ्यांनी चालतो. मग एका संध्याकाळी माझा नवरा निखिल थर्मोस्टॅट वर करतो आणि उन्हाळाभर झोपलेल्या हीटिंगमधून जळक्या धुळीचा वास घरभर पसरतो. वास थोड्या वेळात जातो. माझी चुळबूळ मात्र नोव्हेंबरअखेरचं थँक्सगिव्हिंग होईपर्यंत जात नाही. यंदाही ऑफिसच्या मीटिंगमध्ये कॅमेरा बंद करून मी सारखी खिडकीशी जात होते. मॅनेजरने विचारलं, "यू स्टिल देअर?" होते की. थोडीशी.

माझी मुलगी ईरा कॉलेजच्या अर्जांत डोकं घालून बसली होती. ती मान वर न करता म्हणाली, "आई, यू गेट लाइक धिस एव्हरी फॉल. गो फॉर अ वॉक ऑर समथिंग."

गेले. चालता चालता त्या रस्त्याला लागले, जिथे पूर्वी लाल विटांचं एक चर्च होतं. आता तिथे टाउनहाउसेस आहेत. एका दारात भोपळा, दुसऱ्या दारात भोपळा आणि वर झेंडूचं तोरण. मी एका घरासमोर जरा जास्तच वेळ उभी राहिले असणार, कारण आतून एक आपल्याकडचाच तरुण बाहेर आला आणि त्याने विचारलं, "आंटी, आर यू लुकिंग फॉर समवन?" मी नाही म्हटलं आणि निघाले. मी त्याच्या गॅरेजच्या वर, नुसत्या हवेत बघत होते. तिथे ऑर्गन होता. त्या ऑर्गनसमोरच्या बाकावर माझी एक अख्खी पानगळ गेली.

त्या वर्षी ईरा सहा वर्षांची होती आणि मी नवऱ्याच्या व्हिसावर आलेली, काम करायची परवानगी नसलेली बायको होते. अकोल्यात मी बँकेच्या सॉफ्टवेअरवर काम केलेलं, हाताखाली माणसं होती. इथे माझ्या हाताखाली डिशवॉशर होता. फोनवर फ्रीमाँटची मैत्रीण म्हणायची, "यार, एन्जॉय कर ना, किती निवांत आहेस तू!" निवांत म्हणे. दिवसभर मी कपाटं आवरायची आणि आवरलेली कपाटं पुन्हा वेगळी आवरायची. त्या दिवसांतला स्वतःचा राग मला अजून आठवतो. तो कुणावर काढावा हे कळत नव्हतं, म्हणून तो बहुतेक वेळा निखिलवर निघायचा.

त्या चर्चच्या तळघरात दर रविवारी दुपारी आमची मराठी शाळा भरायची. मुलं खाली 'क कमळातला' करत, बाप मंडळी पार्किंगमध्ये क्रिकेटवर बोलत, आणि आया डब्यांतून एकमेकींना चकल्या देत घरांच्या किमतींवर बोलत. मला यातलं काहीच सहन होईना, म्हणून एका रविवारी मी जिना चढून वर गेले. चर्चमध्ये कुणी नव्हतं. पण कुणीतरी वाजवत होतं.

मी पेटीवाली. बाबांनी मला पेटी शिकवली होती. पाय दुमडून बसायचं, डाव्या हाताने भाता, उजव्याने सूर. ऑर्गन हा शब्दही मला परका नव्हता. जुन्या संगीत नाटकांना साथीला असायचा तो, पायाने भाता मारायचा. तिथेही पाय फक्त हवा भरतात, सूर हातांचेच. इथे आणखी एक जिना चढून पाहिलं, तर मागच्या सज्जात एक म्हातारा गृहस्थ बसला होता. त्याच्या डोक्यावर छतापर्यंत नळ्या होत्या, समोर पट्ट्यांच्या दोन ओळी, आणि खाली पायांसाठी आणखी एक. लाकडाच्या लांबलांब पट्ट्या, रांगेने. आणि काहीतरी कमी होतं. माझ्या कानाला ते लगेच टोचलं. वरचं सगळं होतं, पण खाली खर्ज नव्हता. छप्पर आहे आणि जमीन नाही, असं.

वाजवणं थांबलं. त्यांनी आरशात मला पाहिलं होतं. ऑर्गनवाल्यांना पाठीमागचं दिसावं म्हणून समोर छोटा आरसा असतो.

"वाजवता?" त्यांनी विचारलं.

"हार्मोनियम," मी म्हटलं. "तुम्ही पाय का नाही लावत?"

असं कुणी अनोळखी माणसाला पहिल्याच वाक्यात विचारतं का? पण मी तेव्हा अशीच झाले होते. त्यांना राग आला नाही. त्यांनी पँट थोडी वर करून आपल्या पावलाकडे बोट दाखवलं. "मधुमेह. वरून ठीक. आतून काही कळत नाही. पट्टीवर आहे का जमिनीवर, मला पत्ता नाही."

हे वोयताकाका. पूर्ण नाव वोयतेख, आडनाव आमच्यापैकी कुणालाच कधी नीट म्हणता आलं नाही. पुढच्याच रविवारी ईराने त्यांना काका करून टाकलं. वय आजोबांचं होतं, पण तिच्या लेखी जगातले सगळे मोठे पुरुष काकाच. त्यांचं इंग्रजी तुटक होतं, माझं घाबरट. त्यामुळे आमचं छान जमलं.

तिकडे त्यांच्या देशात, मोराव्हियातल्या एका गावात ते शाळेत संगीत शिकवायचे. त्या काळी तिथल्या कम्युनिस्ट सरकारला देवळा-चर्चचं वावडं. शिक्षक रविवारी ऑर्गनवर दिसला तर सोमवारी त्याला बोलावून घ्यायचे. म्हणून ते सायकलवरून लांबच्या एका गावी जाऊन वाजवायचे, आणि सगळी माणसं घरी पांगल्यावरच सज्जातून खाली उतरायचे. तरी बातमी फुटली, नोकरी गेली. पुढे बायकोला घेऊन व्हिएन्नाला सहलीला म्हणून गेले ते परत फिरलेच नाहीत. अमेरिकेत आठवडाभर लोकांचे पियानो सुरात लावायचे आणि रविवारी या चर्चमध्ये वाजवायचे, यात त्यांचा जन्म गेला. दर नाताळला चर्चमधल्या गाणाऱ्यांसाठी ते एक नवं गाणं बांधायचे. मंडळी म्हातारी होत चालली होती. वरच्या पट्टीत गाणारी बाई फ्लोरिडाला मुलाकडे गेली, तेव्हा त्यांनी वरची पट्टी कमी केली. टेनर, म्हणजे पुरुषांची वरची पट्टी, गाणारा वारला, त्या वर्षीचं गाणं टेनरशिवाय लिहिलं. हे त्यांनी मला अगदी साधेपणाने सांगितलं, घरात माणसं कमी झाली की आपण भाताचं पातेलं लहान घेतो तसं.

पण एक रचना त्यांनी कुणाच्या गळ्यासाठी लिहिली नव्हती. अमेरिकेतल्या पहिल्या हिवाळ्यात सुरू केलेली, पुढे वर्षानुवर्षं वाढवलेली, फक्त ऑर्गनसाठी. गाण्याच्या एका बैठकीत एखादा राग जेवढा चालेल, तेवढी लांब. ती त्यांनी सलग कधी ऐकलीच नव्हती. कारण आठवडाभर ते लोकांच्या पियानोंवर, आणि रविवारच्या प्रार्थनेत ऑर्गनला सलग वेळ कुठे असतो? लोक आत येताना थोडं, दानाची झोळी फिरते तेव्हा थोडं, लोक उठून कोट घालतात तेव्हा थोडं. पाद्रीबुवांनी हात वर केला की थांबायचं. मग काका आज सुरुवातीचा तुकडा झोळीच्या वेळी वाजवायचे, पुढच्या रविवारी शेवटचा तुकडा कोटांच्या वेळी. ज्यांच्यासाठी वाजवलं त्या लोकांनी ते सगळं ऐकलं होतं, आणि कुणी काही ऐकलं नव्हतं.

हे ऐकून मला वाईट वाटलं, असं म्हणणं सौम्य होईल. कारण माझंही नेमकं तेच चाललं होतं. मुलगी शाळेत गेली की थोडी मी, कुकर होईपर्यंत थोडी मी.

आणि आता चर्च विकलं गेलं होतं. येणारी माणसं उरली नव्हती म्हणून ते गावाबाहेरच्या मोठ्या चर्चमध्ये विलीन व्हायचं होतं. थँक्सगिव्हिंग झालं की ऑर्गन सोडवायला माणसं येणार होती, नळ्या वेगवेगळ्या विकल्या जाणार होत्या. काकांना त्याआधी ती रचना एकदा, फक्त एकदा, पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायची होती.

"हात माझे आहेत," ते म्हणाले आणि माझ्या पावलांकडे बघू लागले.

रात्री जेवताना मी हे घरी सांगितलं. निखिलने घास तसाच धरून ठेवला. "अगं, पण तुला पेटी येते ना? हे पायाने म्हणजे... तू ड्राइव्ह करताना ब्रेक आणि ॲक्सिलरेटर कन्फ्यूज करतेस."

"एकदा केलं होतं."

"मी त्या एकदाला गाडीत होतो!"

पण ब्रेकची अडचण नव्हती. अडचण वेगळीच होती आणि ती मला कुणाला सांगताही येईना. वाद्याला पाय लावायचा. लहानपणी पेटीला चुकून पाय लागला की बाबा नुसते बघायचे. मग पेटीला हात लावायचा, हात डोळ्यांना लावायचा. पुस्तकाला, वाद्याला, माणसाला पाय लागला की हात आपोआप खाली जातो, त्यासाठी विचार करावा लागत नाही. आणि इथे तर जाणूनबुजून, तालात, मुद्दाम पाय द्यायचा.

पहिल्या दिवशी मी बूट जिन्याखाली काढून आले. काकांनी ऑर्गनचे खास बूट पुढे केले, पातळ तळव्याचे. मी नको म्हटलं. "थंड आहे," ते म्हणाले. थंड होतंच. विकलेल्या चर्चला कोण हीटिंग लावतंय? ते स्वतः बोटं उघडी ठेवणारे हातमोजे घालून बसायचे. मी अनवाणी बाकावर चढले, खाली वाकले, डावीकडच्या पहिल्या लाकडी पट्टीला हात लावला, तो कपाळाला लावला आणि मग पाय ठेवला. आवाज आला नाही, कारण नळ्या उघडायच्या खुंट्या काकांनी अजून ओढल्या नव्हत्या. त्या ओढल्याशिवाय पट्ट्या मुक्या असतात. काकांनी सगळं पाहिलं. त्यानंतर रोज सरावाला बसलं की ते खुंट्यांवर हात ठेवून थांबायचे. माझा नमस्कार झाला की ओढायचे.

मी डावीकडे, ते उजवीकडे. त्यांचे पाय बाकाच्या आडव्या दांडीवर. मला उजवीकडची पट्टी घ्यायची झाली की त्यांच्या गुडघ्यांखालून पाय घालावा लागे. टाच, चवडा, टाच. पोटऱ्या अशा दुखायच्या की घरचे जिने मी बसून उतरायचे. ते चिडायचे. माझा पाय उशिरा पडला की थांबून, समोरच्या नळ्यांना उद्देशून आपल्या भाषेत बोलायचे. मीही एकदा मराठीत उत्तर दिलं. दोघांचंही समाधान झालं. हळूहळू मात्र पायांना ते घर ओळखीचं झालं, आणि पहिल्यांदा एक अख्खं पान न अडखळता गेलं तेव्हा बाकाच्या लाकडातून तो खर्ज माझ्या पाठीच्या कण्यात चढला. पेटीचा सूर छातीशी असतो. हा खालून येतो, आपल्याला उचलूनच धरतो. त्या दिवशी घरी जाताना मी गाडीत मोठमोठ्याने गात होते, सिग्नलला शेजारच्या गाडीतला माणूस बघत असूनही.

थँक्सगिव्हिंगनंतरच्या रविवारी दुपारी, मराठी शाळा सुटल्यावर, वाजवायचं ठरलं. चर्चच्या उरलेल्या म्हाताऱ्या बायका वॉकर ढकलत आल्या. आमची शाळेची मंडळी डब्यांसकट वर आली. कुणाच्या तरी डब्यातल्या लसणाच्या चटणीचा वास थेट सज्जापर्यंत पोचला. निखिल पहिल्या बाकावर, फोन बंद करून, माझ्यापेक्षा घाबरलेला. पाहुणे येणार म्हणून त्या दिवशी हीटिंग लावलेलं होतं. काका अस्वस्थ. गरम झालं की नळ्यांचे सूर चढतात, सगळ्यांचे सारखे चढत नाहीत. ते येरझाऱ्या घालत होते, कठड्याला धरून. ऐनवेळी खुंट्या ओढताना हात चुकू नये म्हणून त्यांनी सगळ्या आधीच ओढून ठेवल्या आणि ते मला सांगायला विसरले.

आम्ही बसलो. खालची कुजबुज थांबली. आणि मी, रोजच्या सवयीने, खाली वाकून पहिल्या पट्टीला हात लावला.

तो आवाज मी कधी विसरणार नाही. सर्वांत खालचा सूर, सगळ्या नळ्या उघड्या. खिडक्यांच्या काचा थरथरल्या. खाली एक वॉकर आडवा झाला. एक बाळ रडायला लागलं, आणि ईराचा आवाज स्वच्छ ऐकू आला, "इज इट सपोज्ड टू डू दॅट?" मला वाटलं, संपलं. या माणसाने आयुष्यभर ज्या एका वेळेची वाट पाहिली ती मी वाजवायच्या आधीच वाया घालवली. आणि घाबरून हात उचलायचंही मला सुचेना.

"सोडू नको," काका हळूच म्हणाले.

त्यांनी खुंट्या एकेक करून आत ढकलल्या. गर्जना उतरत उतरत नुसता घुमारा उरला, षड्ज लावलेल्या तंबोऱ्याइतका. बाळ गप्प झालं. मग त्यांनी हात पट्ट्यांवर ठेवले आणि त्या सुरावर आपली सुरुवात उभी केली. मूळ सुरुवात एकट्या उजव्या हाताची होती, पहिलं पानभर खाली काहीच नव्हतं. ती आता त्या सुरावर चालत होती. मी बाकावरून लोंबकळत, एका हाताने पट्टी दाबून, डोकं त्यांच्या गुडघ्याशी. डोक्यात रक्त उतरलेलं. पानाच्या शेवटी त्यांनी मान हलवली तेव्हा मी हाताच्या जागी पाय दिला आणि सरळ बसले. पुढे चुका झाल्या, दोन्हीकडून. पण कुणी हात वर केला नाही, कुणी झोळी फिरवली नाही, कुणी कोट घातला नाही. एकदा मी तिरकं पाहिलं तर काका माझ्याकडे, पट्ट्यांकडे, कशाकडेच बघत नव्हते. ते ऐकत होते. घरी आलेल्या पाहुण्याला न्याहाळावं तसं.

शेवटचा सूर पार विझल्यावर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. काकांनी वाकून नमस्कारही केला नाही, नुसते आपले सवयीने घातलेले हातमोजे काढून खिशात घालत राहिले.

मी त्यांना गाडीतून घरी सोडायला निघाले. अंधारून आलं होतं, रस्त्याच्या कडेला पानांच्या फुगलेल्या पिशव्या रांगेने ठेवलेल्या. मला रडू येत होतं आणि ते मला आवडत होतं. झालं एकदाचं. एका तरी माणसाचं, एक तरी काम, पूर्ण झालं. ते आता काहीतरी बोलतील म्हणून मी रेडिओसुद्धा लावला नाही.

"मधला भाग वाईट आहे," ते म्हणाले.

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही.

"लांब. कंटाळवाणा. तुकड्यांत कळत नव्हतं. आज कळलं." आणि मग, अगदी उत्साहाने, "मंगळवारी मोकळी आहेस?"

मी गाडी कडेला घेतली. मला इतका राग आला की ब्रेकवर पाय नीट पडला हेच नशीब. "काका, उद्या सकाळी तो ऑर्गन सोडवायला येतायत! उद्या! तुम्ही काय बदलणार आणि कशावर वाजवणार? आता तरी राहू द्या ना." इंग्रजी संपलं तसं उरलेलं मी मराठीतच सांगितलं.

"पण आता मला माहीत आहे ना, तो वाईट आहे," ते म्हणाले. मी तेव्हा अस्वस्थपणाला आजार समजत होते. काम मिळालं की बरा होईल, परवानगी आली की बरा होईल. परवानगी पुढे आली, कामही मिळालं, आणि दर ऑक्टोबरला मी खिडकीशी उभी असते. हा माणूस त्याच गोष्टीवर ऐंशी वर्षं जगला होता, आणि त्याला ती जायला नकोच होती.

मंगळवारी मी गेले. सोमवारी नळ्या ट्रकमध्ये चढल्या होत्या. ते बघायला ते गेलेच नव्हते. त्यांच्या स्वयंपाकघरात टेबलावर त्यांच्या वारलेल्या बायकोच्या पद्धतीचा केक होता. अनारशावर आपण चिमूटभर लावतो ती खसखस त्यात वाटीवाटीने भरलेली. तो त्यांनी बाजूला सारला आणि टेबलाच्या कडेवर बोटं ठेवली. मी शेजारच्या खुर्चीवर. मधला भाग त्यांनी कापून अर्ध्यावर आणला होता. पाच-सहा वेळा मला तोंडाने समजावून सांगितला, मग म्हणाले, पहिल्यापासून.

आम्ही पहिल्यापासून वाजवलं. त्यांच्या बोटांची टेबलावर टकटक, माझ्या टाचांची फरशीवर थपथप. मधेच फ्रिज सुरू झाला आणि बंद झाला. दारावर कुणीतरी पार्सल टाकून गेलं. आम्ही थांबलो नाही. नव्या मधल्या भागातून आम्ही पलीकडे निघालो तेव्हा त्यांनी बोटं न थांबवता माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "आता?"

"खूपच बरं," मी म्हटलं, आणि मी खरं सांगत होते.